जीपमधून काढून घेतलेली दोन चाकं

बोरिवली ते दहिसरच्या मध्ये नेटवर्क जातं आणि एपिसोड अर्ध्यात थांबतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, माझे "म्हणजे काय ना" तेवढे कमी केलेत.

मागच्या जुलैत मी मुरबाडला मामाकडे होतो. मामाकडे एक जुनी पिकअप आहे. डिझेल, पिवळी नंबरप्लेट, मागे लोखंडी हौदा. पावसाळ्यात तो त्यातून काकडी आणि शिराळी कल्याणच्या मार्केटला नेतो. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर कच्ची वाट आहे, आणि त्यात शेवटी एक चढ. लाल माती, मधून पाण्याची वळ. त्या दिवशी पहाटे चार वाजता गाडी त्या चढावर अडकली. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरत होती, चिखल माझ्या तोंडापर्यंत उडत होता, आणि पुढची चाकं शांत उभी होती. पाहुण्यासारखी.

ट्रॅक्टर येईपर्यंत सात वाजले. मार्केटचा भाव तोपर्यंत खाली आलेला. काकडी विकली गेली, पण ट्रॅक्टरवाल्याचे पैसे वजा जाता मामाच्या हातात काय राहिलं ते त्याने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग ह्या पुढच्या चाकांना कामाला लाव की."

आता मी इंजिनिअर आहे तो सॉफ्टवेअरचा. अंधेरीला ऑफिस, दिवसभर लॅपटॉप. बीटेकला पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एक लोखंडी तुकडा घासून चौकोनी केला होता, तेवढाच माझा आणि लोखंडाचा संबंध. पण प्रश्न डोक्यात बसला. जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला फोर-व्हील-ड्राइव्ह करता येते का? त्याचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो ती जागा माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर निघाली. कांदिवली पूर्व, आकुर्ली रोड. आणि तिथे समजलं की आपण प्रश्नच उलटा विचारतोय. भारतात हे वाहन आलं तेच चारही चाकं फिरवत. मधली दोन चाकं आपण काढली.

कसं ते सांगतो, पण आधी गाडीखाली जाऊन येऊ.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार आहे. तिथल्या एका गल्लीत एक वस्ताद भेटले, जीपवर हात बसलेला माणूस. त्यांनी मला पुठ्ठ्यावर झोपवून एका जुन्या जीपखाली सरकवलं आणि बॅटरी मारून दाखवलं. साध्या मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि मागे हौसिंग, म्हणजे तो गोल पोटाचा ॲक्सल ज्यात क्राऊन-पिनियन बसतं. पुढे काय? पुढे नुसती लोखंडी दांडी. दोन टोकांना चाकं, ती वळतात, पण त्यांना कोणी फिरवत नाही.

पुढची चाकं फिरवायची तर गिअरबॉक्सच्या मागे अजून एक पेटी लागते, ट्रान्सफर केस. ती ताकद दोन वाटांनी वाटते, एक मागे आणि एक पुढे. मग पुढच्या दांडीच्या जागी अख्खं दुसरं हौसिंग. आणि इथे खरी अडचण आहे, कारण पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचंही आहे आणि वळायचंही आहे. वळलेल्या चाकाला सरळ दांडीने फिरवायचं कसं, या एका प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी डोकं फोडलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल नावाच्या छोट्या गावात ओटो झाखोव नावाचा लोहार होता. त्याने आणि त्याच्या मेहुण्याने, विल्यम बेसरडिकने, १९०८ च्या सुमारास यावर एक जॉइंट बनवला आणि त्यातून फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकची कंपनी उभी राहिली. पुढे आल्फ्रेड झेप्पाचा गोळ्यांचा जॉइंट आला, ज्याची नातवंडं आज तुमच्या घरच्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत बसलेली आहेत.

वस्ताद म्हणाले, सामान मिळेल, बसवूनही देईन. मग त्यांनी एक गोष्ट दाखवली आणि तिथे माझी खात्री पटली की हे काम नुसतं नटबोल्टचं नाही. जुन्या जीपचं मागचं हौसिंग नीट बघा. त्याचं गोल पोट मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. कारण त्या जीपमधल्या ट्रान्सफर केसचं, ज्याला डाना १८ म्हणतात, तोंडच मधोमध नाही, बाजूला आहे. शाफ्ट बाजूने निघतो म्हणून मागचं पोटही बाजूला. टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं पोट मधोमध असतं. म्हणजे जुन्या जीपचं सामान टाकायचं तर पुढचं हौसिंग आलं, पेटी आली, आणि वर मागचं चांगलं चाललेलं हौसिंगही बदलायला आलं. ते टाळायचं तर मधोमध तोंड असलेली दुसरी ट्रान्सफर केस शोधा आणि मग ती तुमच्या गिअरबॉक्सला जुळते का बघा. आमच्या भाषेत सांगायचं तर एक लायब्ररी टाकायला गेलो आणि अर्धा प्रोजेक्ट बदलला.

त्यातही आकडे जुळावे लागतात. पुढच्या आणि मागच्या हौसिंगचा रेशो एकच हवा. समजा पुढे ५.३८ आहे आणि मागे ४.८८. भंगारात हे दोन्ही मिळतात, वेगवेगळ्या मॉडेलचे, आणि बाहेरून सारखेच दिसतात. हा फरक झाला दहा टक्क्यांचा. म्हणजे फोर-व्हील लावून शंभर मीटर गेलात तर मागची आणि पुढची चाकं दहा मीटरवरून भांडणार. चिखलात ते भांडण चाक घसरून मिटतं. कोरड्या रस्त्यावर ते शाफ्टमध्ये साठतं, आणि मग काहीतरी तुटतं. वस्तादांनी मला तुटलेला क्रॉस दाखवला. पेढ्याएवढा लोखंडाचा तुकडा, मधून उकललेला.

तर हे सगळं मूळ गाडीत कसं आलं?

एक माणूस घ्या, आर्थर हेरिंग्टन. मार्मन-हेरिंग्टन ही त्याची कंपनी, इंडियानापोलिसची, १९३१ ला सुरू झालेली. १९३५ पासून या लोकांनी एक धंदा केला: फोर्डचा तयार ट्रक घ्यायचा, त्याला पुढचं चालतं हौसिंग आणि ट्रान्सफर केस बसवायची, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणून विकायचा. पुढे हाच प्रकार त्यांनी अर्ध्या टनाच्या छोट्या पिकअपवरही केला. मामाने मला जे काम सांगितलं, नेमकं तेच काम, नव्वद वर्षांपूर्वी, कारखान्यात. महायुद्धात दक्षिण आफ्रिकेने याच कंपनीचं सामान फोर्डच्या चेसिसवर टाकून चिलखती गाड्या बांधल्या आणि त्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढल्या.

आता हा हेरिंग्टन आपल्या गोष्टीत का? कारण तो भारतात येऊन गेला. १९४२ चा मार्च-एप्रिल आठवा, शाळेत क्रिप्स मिशन शिकलोय आपण. त्याच दिवसांत जपानने रंगून घेतलं होतं, आणि भारतातले कारखाने युद्धासाठी किती माल काढू शकतील हे बघायला रूझवेल्टने एक अमेरिकन टेक्निकल मिशन दिल्लीला पाठवलं. प्रमुख हेन्री ग्रेडी, आणि सदस्यांत आर्थर हेरिंग्टन, त्या वर्षी अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष. त्यांच्या अहवालातलं बरंचसं कागदावरच राहिलं. जहाजं नव्हती, आणि ऑगस्टमध्ये तर "चले जाव" सुरू झालं. क्रिप्स परीक्षेला येतो, हेरिंग्टन येत नाही. मला विचाराल तर त्या वसंतात दिल्लीत आलेल्या गोऱ्या लोकांमध्ये सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस तोच होता.

तोपर्यंत अमेरिकेत जीप जन्मली होती. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं: हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत. बँटम नावाच्या जवळपास बुडालेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन-एक दिवसांत आराखडा काढला, आणि सप्टेंबरमध्ये नमुना मुदतीत पोचवला. (आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो आणि त्यात एक बटण हलतं.) मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डला मिळाल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. बँटमकडे शेवटी ट्रेलरचं काम उरलं.

युद्धाच्या काळात वॉशिंग्टनला भारताचं सप्लाय मिशन होतं, भारतासाठी अमेरिकेतून माल घेणारं. त्याचे प्रमुख होते कैलाशचंद्र महिंद्रा, के. सी. त्यांचे भाऊ जगदीशचंद्र. या दोघांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद सुरू केली, पोलादाच्या व्यापाराची कंपनी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे १९४८ मध्ये पाटीवर "महिंद्रा अँड महिंद्रा" आलं. एम अँड एमचा दुसरा एम कुठून आला हे आता तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगू शकता.

के. सीं.नी अमेरिकेत जीप पाहिली होती. १९४९ मध्ये माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली, जहाजाने आलेल्या सुट्या भागांतून. गोदी जवळ, पेट्या उतरवायच्या आणि जोडायच्या. मुंबईला याची सवय होती, जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला हेच करत होती. १९५४ मध्ये विलीजशी करार होऊन जीप इथेच बनवण्याकडे कंपनी वळली, आणि पुढे कारखाना उपनगरात आला, कांदिवलीला. आज मेट्रोच्या आकुर्ली स्टेशनवर उतरून गर्दीत चालणाऱ्या कोणाच्या मनात हे येत नसेल. माझ्याही कधी आलं नव्हतं, आणि मी ठाकूर व्हिलेजमध्ये चार वर्षं भाड्याने राहिलोय.

तिथे बनलेली गाडी म्हणजे सीजे-३बी. उंच बॉनेटची, सपाट मडगार्डची. जुन्या हिंदी सिनेमात इन्स्पेक्टर जिच्यातून उतरतो ती. बॉनेट उंच का? त्यात बसवलेलं हरिकेन इंजिन उंच होतं, मावेना, म्हणून. तिचं गणित मला फार आवडतं. पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६, हौसिंग ५.३८. तिघांचा गुणाकार केला की सदतीस. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. माणूस बाजूने चालत पुढे जाईल इतकी हळू, पण भिंत चढायला निघाल्यासारखी ताकद. हा लो गिअर ट्रान्सफर केसमध्ये असतो. टू-व्हील गाडीत ट्रान्सफर केसच नाही, म्हणून लो गिअरही गेला, आणि तिथे हाच आकडा पंधरावर येतो. मामाच्या चढावर चार चाकांइतकाच हा लो गिअर कमी पडत होता, हे मला नंतर कळलं.

ही जीप कोणी घेतली? लष्कराने, पोलिसांनी, वनखात्याने, पाटबंधारे खात्याने. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली आणि बीडीओ म्हटलं की जीप असं चित्र तयार झालं. म्हणजे घेणारं बहुतेक सरकार, आणि जायचं होतं तिथे रस्ता नव्हता. चारही चाकं फिरणं ही तेव्हा चैन नव्हती, कामाची गरज होती.

मग गिऱ्हाईक बदललं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जीप परवडेना. सत्तरच्या दशकात कंपनीने जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलं, आणि ते आलं कुठून? शेजारून. कांदिवलीलाच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतून ट्रॅक्टर बनत होते, त्या घराण्याचं इंजिन. नंतर प्यूजोचं डिझेल आलं. डिझेलमुळे जीप सामान्य धंद्याच्या आवाक्यात आली. आता ती घेणारा माणूस होता गावोगाव वडाप चालवणारा, दुधाचे कॅन नेणारा, लग्नाची वऱ्हाडं उचलणारा. त्याचा रस्ता खराब होता, पण रस्ता होता. त्याला माणसं जास्त बसायला हवी होती आणि डिझेल कमी लागायला हवं होतं. ट्रान्सफर केस आणि पुढचं हौसिंग म्हणजे त्याच्यासाठी रोज उचलून न्यायचं लोखंड, वर्षातून दहा दिवस लागणारं. मग लांब चेसिसच्या जीप आल्या, कमांडर आणि मार्शल आल्या, पिकअप आल्या, आणि त्यातल्या बहुतेक मागच्या दोन चाकांवर. दिसायला जीप, खालून टेम्पो.

याचा दोष एकट्या आपल्याकडे नाही. खुद्द विलीजने १९४७ ला पिकअप काढली ती दोन्ही प्रकारांत, आणि १९५५ मध्ये डिस्पॅचर नावाची दोनच चाकांवर चालणारी जीप आणली, स्वस्त म्हणून. जिला चारही चाकं फिरतात म्हणून जग ओळखायचं, तिचीच दोन काढून विकायची. हा प्रकार आजही जिवंत आहे. २०२३ च्या जानेवारीत थारची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. दीड लिटरचं डिझेल, त्यामुळे कर कमी, किंमत कमी. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या किती थार खरंच पुढची चाकं फिरवू शकतात, हे खाली वाकल्याशिवाय कळणार नाही. मी हल्ली वाकतो. मित्र ओळख दाखवत नाहीत.

तर काढलं का ते कळलं. पण गंमत अशी की काढलेलं परत घालायचा धंदाही तितकाच जुना आहे. अमेरिकेत पन्नासच्या दशकात मिनियापोलिसची नॅपको नावाची कंपनी शेवरले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी तयार किट विकायची, पुढचं हौसिंग, ट्रान्सफर केस, सगळं एका संचात. शेतकरी आणि विजेच्या खांबांवर काम करणाऱ्या कंपन्या ते घ्यायच्या. इतकं चाललं की १९५७ पासून शेवरलेने स्वतःच ते कारखान्यातून बसवून द्यायला सुरुवात केली, आणि १९६० ला स्वतःची फोर-व्हील-ड्राइव्ह काढली. म्हणजे गॅरेजमधलं जुगाड आधी, कंपनी मागून.

आपल्याकडे ही साखळी मधेच तुटली. भाग होते, कारण लष्कराच्या लिलावातल्या जीप भंगारात यायच्या. हात होते, कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत. वस्ताद सांगत होते की एकेकाळी सह्याद्रीच्या पायथ्याची माणसं टू-व्हील जीप घेऊन यायची आणि आठवडाभराने फोर-बाय करून न्यायची. पण त्या हातांना कागद कधी मिळाला नाही.

आता कागदाकडे येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. साध्या मराठीत: नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थानेच वाचायचं असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं, आणि त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मामाच्या गाडीत हा प्रश्न नुसता दंडाचा नाही. तिची नंबरप्लेट पिवळी आहे. आठ वर्षांपेक्षा जुनी मालवाहू गाडी दरवर्षी फिटनेसला उभी करावी लागते. तिथे कोणी खाली वाकलं तर गाडी घरी उभी, आणि गाडी घरी म्हणजे काकडी शेतात. पुस्तकात रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. पुढचं हौसिंग, ट्रान्सफर केस, शाफ्ट घातलं की ते वाढतं, पण भरलेल्या गाडीची मर्यादा तीच राहते, म्हणजे तेवढा माल कमी. शिवाय उद्या घाटात काही झालं आणि विमा कंपनीने गाडी तपासली तर?

मी यावर बराच वेळ विचार केला, आणि माझं मत दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं आहे. ब्रेकची नळी, स्टिअरिंगचे रॉड, सगळं उकलून परत जोडायचं असतं. ते चुकलं तर मरणारा माणूस समोरच्या बाइकवरचा असू शकतो. कायदा त्याच्यासाठी आहे आणि असायलाच हवा. पण याच कायद्यात सीएनजीच्या किटसाठी रीतसर वाट आहे: मंजूर किट, पुस्तकात नोंद, झालं. मुंबईने ती वाट चालून दाखवलीय. २००० नंतरच्या काही वर्षांत हायकोर्टाच्या आदेशानंतर शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, त्याच पद्मिनी ज्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनल्या होत्या. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी बसवण्याची रीत लावता आली. तसंच एखादं तपासलेलं फोर-बाय-फोर किट, पुण्याच्या एआरएआयने पास केलेलं, सरकारने नियम काढून मान्य केलं तर कायद्याच्या आजच्या शब्दांत ते बसू शकतं. मागणारा आवाज लहान आहे, एवढंच. दिल्लीच्या हवेला वकील मिळाले, मुरबाडच्या चिखलाला मिळाले नाहीत.

वस्तादांनी मामाच्या गाडीचा अंदाज दिला. गाडीला पुढे पाटे आहेत, म्हणून काम शक्य आहे. पुढचं हौसिंग इंजिनच्या तेलाच्या टाकीखालून जाणार, म्हणून गाडी थोडी उचलायला लागेल. भाव त्यांनी सांगितला तो मामाच्या एका अख्ख्या हंगामाएवढा होता. मग त्यांनीच विचारलं, गाडी अडकते तेव्हा भरलेली असते की रिकामी?

मी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, दोन्ही. पण जास्त करून जाताना शेतात माल घ्यायला, रिकामी, आणि मग अर्धी भरलेली.

वस्ताद हसले. रिकाम्या पिकअपचं सगळं वजन पुढे असतं, इंजिनावर. ताकद मागे जाते, आणि मागच्या चाकांवर बसायला कोणी नसतं. ती फिरणार नाहीत तर काय करणार? शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक घसरतं तेच फिरत राहतं, दुसरं आयतं बसतं. त्यामुळे चार चाकांची गाडीही चिखलात प्रत्यक्षात दोनच चाकांवर लढत असते, एक पुढचं, एक मागचं. त्यांचा सल्ला होता: हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती, घट्ट बांधून. मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर, कंपनीने सांगितलेल्याच मापाचे. आणि चढाच्या मधल्या वळीत दगड-मुरूम. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मीच पाजला.

या पावसाळ्यात मामाने तेच केलं. चार पोती वाळू, दोन टायर, आणि चढावर शेजाऱ्यांबरोबर मिळून दोन ट्रॉली मुरूम. जूनमध्ये एकदाही अडकला नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस धो धो पडला, मुरूम वाहून गेला, आणि गाडी पुन्हा त्याच जागी. या वेळी ट्रॅक्टर साडेपाचला आला. मामाने मला फोटो पाठवला: मागची चाकं अर्धी चिखलात, वाळूची पोती हौद्यात तशीच, आणि पुढची दोन चाकं स्वच्छ. खाली लिहिलं होतं, "पाहुणे अजून बसलेत."

त्याला मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. तुमच्या घरी, गावी, अंगणात जुनी जीप किंवा पिकअप असेल तर खाली वाकून मागच्या हौसिंगचा फोटो काढा आणि पाठवा. पोट मधोमध आहे की बाजूला, ते बघायचंय. भेटू पुढच्या भागात.